पोरीची आठवी आणि सरकीची पाकिटं

घाटंजी तालुक्यातल्या एका आईचं चार पानी पत्र आलं आहे. त्यातला मुख्य मजकूर असा:

"मॅडम, आमचं पाच एकर कोरडवाहू वावर आहे. मोठी पोरगी सातवी पास झाली. गावात शाळा सातवीपर्यंतच, पुढं तालुक्याले जावं लागते, नऊ किलोमीटर. लहान पोरगा यंदा पहिलीत बसते. यांचं म्हणणं असं का पोट्ट्याले तालुक्याच्या कॉन्व्हेंटात टाकू, व्हॅन दारात येते. फी १५ हजार, व्हॅनचे महिन्याले ७०० अलग. पोरीले एक साल घरी ठेवू, तिच्या बसचा भरोसा नाही अन् दोघांचे पैसे जमत नाहीत. मृगाच्या आधी बियाणंही घ्यायचं आहे. बचत गटातून कर्ज काढू काय? शाळा उघडायच्या आधी दप्तर, ड्रेस, वह्या, काय काय तयारी कराव ते सांगा."

ताई,

दप्तर-वह्यांचं सांगते, पण नंतर. आधी पोरीचं बोलू, कारण तुमच्या पत्रात तिच्या वाट्याला दोनच ओळी आल्या आहेत आणि त्या दोन ओळी मला रात्रभर सलत राहिल्या.

"एक साल घरी" हे शब्द मी नोकरीच्या एकतीस वर्षांत फार वेळा ऐकले. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिच्याही घरी सातवीनंतर असंच ठरलं. दिवाळीनंतर मी एकदा फाट्यावर उतरून धुऱ्याने गावाकडे चालले होते, तेव्हा ती पऱ्हाटीत वेचणीला दिसली. ओटी भरलेली, बोटांवर बोंडाच्या टरफलांचे बारीक ओरखडे. मला पाहून बांधावर आली आणि म्हणाली, "मॅडम, आठवीच्या गणितात काय शिकवते?" पुढच्या जूनमध्ये तिच्या घरी शाळेचा विषय कोणी काढलाच नाही, कारण तोवर तिच्या वेचणीचे पैसे घरच्या हिशेबात बसले होते. त्याच्या पुढच्या वर्षी स्थळं येऊ लागली. तिला कोणी शाळेतून काढलं नव्हतं, घरचेही वाईट नव्हते. एक साल तेवढं थांबवलं होतं.

म्हणून तुम्हाला आधीच स्पष्ट सांगते. यंदा पैसे कमी पडले तर दुसरं काहीही मागे ठेवा, पोरीची आठवी मागे ठेवू नका.

कायदा तुमच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक लेकराला आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आणि सक्तीचं आहे. म्हणजे तिची आठवी अजून त्या हक्कातच बसते. आणि भाऊंना, म्हणजे पोरीच्या वडिलांना, सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. आठवीत असताना मुलांना एनएमएमएसची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा देता येते. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या, आणि ज्यांच्या घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे अशा मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२ हजार रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार, थेट मुलीच्या खात्यात जमा होतात. सातवीला ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५०. तिचं निकालपत्रक काढून बघा. निवड होईलच असं मी म्हणत नाही, ती गुणवत्तेवर ठरते. पण तुम्ही जे वर्ष घरी बसवायचं म्हणता तेच नेमकं या परीक्षेचं वर्ष आहे. प्रवेश घेतला त्याच दिवशी वर्गशिक्षकांच्या कानावर घाला की पोरीला ही परीक्षा द्यायची आहे. बँकेत नाहीतर पोस्टात तिच्या नावाचं खातं उघडून त्याला आधार जोडून ठेवा.

आता बस. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना घर ते शाळा एसटीचा प्रवास मोफत आहे, पासाला पैसे पडत नाहीत. मागास तालुक्यांसाठीच्या सरकारी मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या तुम्ही पाहिल्याच असतील, त्या खास शाळेच्या मुलींसाठी सुरू झाल्या. पासाचा अर्ज आणि मुख्याध्यापकांचा शिक्का शाळेतून मिळतो. अलीकडे तर एसटीने शाळेतच पास द्यायला सुरुवात केली, तेव्हा आगाराच्या रांगेत उभं राहण्याआधी शाळेत विचारा. मुलींना सायकलीसाठी पैसे देणारीही एक योजना आहे, पण ती शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांसाठी. तुम्ही नऊ किलोमीटरवर, त्या आशेवर थांबू नका.

"बसचा भरोसा नाही" हे मात्र मी खरं मानते. रोज एसटीनेच शाळा गाठली आहे मी. यावर एकट्या आईने आगारात जाऊन काही होत नाही. तुमच्या गावातून, आजूबाजूच्या दोन वस्त्यांतून आठवी आणि त्याच्या पुढच्या वर्गांना जाणाऱ्या मुली किती आहेत ते मोजा. त्यांच्या आयांना घेऊन एक अर्ज करा. मुलींची नावं, वर्ग, शाळा भरायची-सुटायची वेळ आणि फाट्यावर बस किती वाजता हवी, एवढंच त्यात लिहा. सोबत ग्रामपंचायतीचं पत्र आणि शाळेचं पत्र जोडा, आगार व्यवस्थापकांना द्या आणि पोच घ्या. हे मे महिन्यातच करा, कारण जूनमध्ये सगळेच मागायला येतात. आणखी एक, शाळा उघडल्यावर पहिला आठवडा बहुतेक वेळा सकाळपाळी असते, त्यामुळे नेहमीची दहाची बस त्या आठवड्यात कामाची नसते. अर्जात ही सकाळची वेळही लिहा. नाहीतर पोरगी पहिल्याच दिवशी फाट्यावर उभी राहील आणि घरी परत येईल, आणि घरात म्हणतील, "पाहा, सांगतलं नव्हतं?"

शाळा उघडायच्या आधी एक दिवस काढून पोरीला घेऊन त्याच बसने तालुक्याला जा. भाऊंनाही न्या, त्यांनी तर यायलाच हवं. उतरायचं कुठे, स्टँडपासून शाळा कोणत्या गल्लीने, परतीला कुठे थांबायचं, बस चुकली तर कोणाच्या दुकानातून फोन करायचा, हे तिला चालत दाखवा. घरचा आणि शेजारचा, असे दोन नंबर तिच्या कंपासपेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवून लिहा. शाळेत गेलात की मुलींचं स्वच्छतागृह पाहून घ्या. कडी लागते का, पाणी आहे का. तेराव्या वर्षी पोरी ज्या कारणाने महिन्यातले चार दिवस शाळा बुडवतात ते कारण कोणी वडिलांना सांगत नाही. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पॅड आणि जुन्या कापडाची छोटी पिशवी कायम असू द्या. तिच्याशी त्याबद्दल आधी तुम्हीच बोला.

भाऊंच्या मनात पोरीबद्दल माया नाही असं मला तुमच्या पत्रातून कुठेच दिसत नाही. त्यांना धास्ती वाटते आणि पैशाची ओढाताण आहे. धास्ती त्या एका बसफेरीने पुष्कळ कमी होईल. पैशाचं बोलताना मात्र कागद-पेन घेऊन बसा.

कॉन्व्हेंटची फी १५ हजार, व्हॅनचे दहा महिन्यांचे सात हजार, झाले २२ हजार. यात पुस्तकं, बूट, टाय, गॅदरिंगचे पैसे धरलेलेच नाहीत. आता वावराचं बघा. २०२५ च्या हंगामात बीटी कपाशीच्या पाकिटाची ठरलेली कमाल किंमत ९०१ रुपये होती. तीन एकर पऱ्हाटी, एकरी दोन पाकिटं धरली तर सहा पाकिटांचे ५,४०६ रुपये होतात. म्हणजे एका लेकराची नुसती व्हॅन तुमच्या तीन एकरांच्या सरकीपेक्षा महाग आहे. आणि मृगाने दगा दिला, पावसाने पंधरा दिवस ताण दिला, तर दुबार पेरणीचे पैसे कुठून येणार? त्या वेळी जुलैचा हप्ता थकतो. फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभी केलेली लेकरं मी एका शाळेच्या व्हरांड्यात पाहिली आहेत. सहा वर्षांच्या मुलाला आपण बाहेर का उभे आहोत हे कळत नाही, त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

तुमच्या पोराला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला, असं माझं मत आहे. मी त्याच शाळांत आयुष्य घालवलं म्हणून हे म्हणते असं वाटलं तर स्वतः जाऊन बघा. पहिली-दुसरीच्या वर्गात अर्धा तास बसा. मुलं बोलतात का, गुरुजी मुलांच्या बोलीत बोलतात का, दुसरीतलं पोरगं गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवतं का. तुमचं लेकरू घरी वऱ्हाडी बोलते. त्याला पहिली दोन-तीन वर्षं वाचणं-लिहिणं त्याच्या भाषेतून आलं, आणि रात्री तुम्ही जवळ घेऊन त्याचं पुस्तक वाचू शकलात, तर इंग्रजी त्याला पुढे जड जात नाही. ज्या घरात कोणालाच इंग्रजी येत नाही तिथे पोरगं "ए फॉर ॲपल" घोकून येतं आणि आई नुसती बघत राहते. त्या आयांचे चेहरे माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

शाळा कमी पडत असेल तर तसं बोलायची जागाही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असाव्या लागतात. नव्या समितीत नाव द्या. बैठकीत सह्या करून उठून येऊ नका, गुरुजी किती दिवस आले, पोरं किती वाचतात, ते विचारा.

पहिलीसाठी यंदाच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होत असली पाहिजेत, तेवढी त्याची तारीख बघून घ्या. पहिलीच्या प्रवेशाला मुलाखत किंवा परीक्षा घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. गावच्या शाळेत शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा शाळा उघडताना. त्यात लेकराला उड्या मारायला, रंग ओळखायला, चित्रावर बोलायला लावतात आणि आईला घरी काय करून घ्यायचं ते सांगतात. ते चुकवू नका. घरी मात्र अंकलिपी घेऊन त्याच्या मागे लागू नका. तुरीत थोडं सोयाबीन मिसळा आणि ते दोन वाट्यांत वेगळं करायला सांगा, पेन्सिल धरायला जी बोटं लागतात तीच त्यात कामाला येतात. चिंचोके दहा-दहाच्या ढिगात मांडू द्या. शर्टाची बटणं त्याची त्याला लावू द्या, वेळ लागला तरी मध्ये हात घालू नका. "मले शू लागली" हे अनोळखी माणसाला मोठ्याने सांगता आलं पाहिजे. आपलं पूर्ण नाव, आईचं नाव, गावाचं नाव त्याला सांगता येऊ द्या. रात्री झोपताना रोज एक गोष्ट सांगा. शाळेत जायच्या आधी लेकराला एवढं आलं तरी माझ्या दृष्टीने पुष्कळ झालं.

झोपेचं सांगायचं राहिलं. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळी अंगणात नाहीतर छतावर झोपतात, गप्पा मारत अकरा-बारा वाजतात. नवतपात तर पहाटेशिवाय डोळा लागत नाही. आपल्या भागातल्या शाळा या उन्हामुळेच उशिरा उघडतात. २०२५ मध्ये बाकी राज्यात १६ जूनला शाळा उघडल्या, विदर्भात २३ जूनला, आणि त्याही पहिला आठवडा सकाळच्या सत्रात. यंदाची तारीख शाळेतून पक्की विचारून घ्या आणि तिच्या आठ दिवस आधीपासून दोघांनाही रोज थोडं थोडं लवकर उठवा. जूनच्या शेवटीही ऊन कमी नसतं, पाण्याची बाटली आणि डोक्याला दुपट्टा, टोपी काहीतरी असू द्या.

कागदांचं काम मे महिन्यातच उरका, दहावी-बारावीचे निकाल लागले की सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला मागा, तो लगेच द्यावा असं कायदाच सांगतो. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून तालुक्याच्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जात, सगळं आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळवा. आमच्या पिढीत आईबापांना तारीख माहीत नसली की गुरुजी सरळ १ जून लिहायचे, अजूनही गावोगावी एका दिवशी जन्मलेली म्हातारी माणसं सापडतात. ती तारीख मग नोकरीपर्यंत, पेन्शनपर्यंत मागे येते. शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांकडे अर्ज करून दुरुस्ती होते, दहावीचं प्रमाणपत्र हाती आल्यावर तेच काम फार किचकट होतं. उत्पन्नाचा दाखला काढा, एनएमएमएसला तो लागतोच. जातीचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर त्याच फेरीत अर्ज टाका. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गातली मुलगी असेल तर सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती असते, तिचा प्रस्ताव शाळा पाठवते. पोराच्या आधारवर पाच वर्षांनंतरचे बोटांचे ठसे नोंदवले नसतील तर ते नोंदवा, त्याचे पैसे पडत नाहीत.

आता तुमचं दप्तर. आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात, दोघांपैकी कोणाचीही विकत घेऊ नका. पोराला गावच्या शाळेत गणवेशही मिळतो. पोरीचं मात्र आधी विचारा. तालुक्याची शाळा जिल्हा परिषदेची असेल तर तिलाही मिळेल, खासगी अनुदानित असेल तर शिवावा लागेल. तसं असेल तर कापड बाजारातून घ्या आणि गावातल्याच कोणाकडून शिवून घ्या, कडेला दोन बोटं कापड आत दाबून ठेवायला सांगा म्हणजे पुढच्या वर्षी उसवून वाढवता येईल. वह्या पहिल्याच दिवशी डझनभर आणू नका. किती पानी, एकरेघी की दुरेघी, ते शिक्षक आठवडाभरात सांगतात.

तोवर गेल्या वर्षीच्या वह्या खाली घ्या. प्रत्येकीत मागची दहा-पंधरा पानं कोरी निघतात. ती मधल्या पिनेपासून जोडीने सोडवा, एकावर एक बसवा, मधोमध घडी घाला, आणि गोधडीच्या सुईने जाड दोऱ्याचे तीन टाके घाला. वरून जुन्या कॅलेंडरचं जाड पान, कोरी बाजू बाहेर. आमच्या शाळेतल्या पोरी मे महिन्यात अशा चार-चार कच्च्या वह्या करून आणायच्या आणि त्यांचं नाव सगळ्यात नेटकं लिहिलेलं असायचं. दप्तराची चेन गेली असेल तर बाजाराच्या दिवशी चेनवाल्याकडून बसवून घ्या. चामडी बूट आता घेऊ नका. आपली काळी माती पावसात तळव्याला गोळा धरते, महिनाभरात बूट उलतो. पोळ्यापर्यंत प्लास्टिकची सॅन्डल पुरते.

म्हणजे बचत गटातून कर्ज काढायची वेळ बहुधा येणारच नाही. पोरीच्या गणवेशापुरते हजार-दीड हजार लागले तर घ्या, त्याची लाज नको. फीसाठी २० हजार काढू नका. सावकाराकडे तर जाऊच नका, आणि पीक कर्जातून शाळेसाठी एक रुपयाही काढू नका, ते पैसे खत-फवारणीला लागणार आहेत.

एक गोष्ट मला तुमच्याकडून कबूल करून घ्यायची आहे. शाळा उघडते तेव्हाच आपल्याकडे टोबणी चालू असते. पाऊस पडला की दोन दिवसांत सरकी टोबायची, बायांची मजुरी वाढलेली, आणि घरात तेरा वर्षांची चपळ हाताची पोरगी. "आजचा दिवस राहू दे शाळा" हे तोंडून निघून जातं. मी शेतकऱ्याच्याच घरची आहे, त्या दिवसांची घाई मला ठाऊक आहे. तरी नव्या शाळेत पहिले पंधरा दिवस तिला एकही दिवस घरी ठेवू नका. त्या पंधरा दिवसांत मैत्रिणी ठरतात, बाकावरची जागा ठरते, बसमध्ये सोबत ठरते. ती उशिरा गेली तर वर्षभर पाहुणी राहते. लहान भावाला सांभाळायला तिला ठेवायची गरज पडणार नाही, तो गावातच शाळेत असेल आणि दुपारचं जेवणही तिथेच मिळेल. टोबणीला शेजारणीशी इर्जिक करा, आज तुमचं वावर, उद्या तिचं.

पासाच्या अर्जासाठी पोरीचे फोटो काढाल तेव्हा जास्तीचे काढून ठेवा, प्रवेशाला आणि बँकेच्या खात्यालाही लागतील. आणि पहिल्या दिवशी तिला बसमध्ये चढवून आलात की मला एक कार्ड टाका. बस किती वाजता आली आणि खिडकीजवळ जागा मिळाली का, तेवढं कळवा.